चामखिळीचें खरें औषध



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. क्षय, मधुमेह, हृदयविकार असे दारुण रोग जगांत ठाण मांडून बसले असतां चामखिळीसारख्या यःकश्चित् विकारावर भाषण करण्याचें प्रयोजन काय, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. चामखिळीनें कोणी मरत नाहीं, हें सर्वसाधारणपणें खरें. परंतु चामखीळ घालविण्याच्या भरांत बोटाचें नख कायमचें विद्रूप करून घेतलेलीं, गालावर डाग पाडून घेतलेलीं, आणि अंगांत मधुमेह असतां तळपायाला जखम करून महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेलीं माणसें त्वचारोगाच्या दवाखान्यांत येतच असतात. रोग क्षुद्र आणि उपाय मात्र भयंकर, असा हा उलटा व्यवहार आहे. तो टाळावयाचा तर चामखीळ म्हणजे काय, ती इतका हट्ट कां धरते, आणि कोणता उपाय कितपत गुण देतो, याचा थोडा शांतपणें विचार केला पाहिजे.

'चामखीळ' हा शब्द संस्कृतांतील 'चर्मकील' या शब्दापासून आला आहे. चर्म म्हणजे कातडें आणि कील म्हणजे खिळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, मूळव्याधीच्या प्रकरणांतच, त्वचेवर खिळ्याप्रमाणें उगवणाऱ्या टणक अंकुरांना हें नांव दिलेलें आढळतें. नांव मोठें समर्पक आहे. कारण बोटाच्या पाठीवर, नखाच्या कडेला किंवा गुडघ्यावर येणारी खरी चामखीळ खरखरीत, कठीण आणि कातड्यांत रुतून बसल्यासारखी असते. परंतु बोलण्यांत आपण हा शब्द फार सैलपणें वापरतों. मानेवर किंवा काखेंत लोंबणारा मऊ, देंठाचा मांसांकुर, तीहि चामखीळ. जन्मापासूनचा उंच तीळ, तीहि चामखीळ. आणि उतारवयांत चेहऱ्यावर व पाठीवर उमटणारा तपकिरी, मेणचट फुगवटा, तीहि चामखीळच! या तिघांचा खऱ्या चामखिळीशीं कांहीं संबंध नाहीं. चामखिळीचें औषध त्यांना लावणें व्यर्थ आहे, आणि तिळाच्या बाबतींत तर तें धोक्याचें आहे.

उलटपक्षीं तळपायाला आलेली खरी चामखीळ पुष्कळदां 'कुरूप' या नांवाखालीं खपून जाते. अंगाच्या भारामुळें ती बाहेर न वाढतां आंत दाबली जाते आणि तिच्यावर जाड घट्टा चढतो. मग चालतांना जोड्यांत खडा गेल्यासारखें खुपतें. ती ओळखण्याच्या तीन सोप्या खुणा आहेत. हातांवर जशा रेषा असतात तशा तळपायावरहि असतात. कुरुपावरून त्या रेषा अखंड जातात, चामखिळीपाशीं मात्र खंडित होऊन तिला वळसा घालतात. दुसरें, वरचा घट्टा थोडा घासून काढला म्हणजे चामखिळींत बारीक काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना 'मुळ्या' म्हणतात. वस्तुतः ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गोठलेल्या रक्ताचे ठिपके होत. तिसरें, कुरूप वरून दाबलें असतां दुखतें. चामखीळ दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरून दाबली असतां अधिक दुखते.

आतां कारणाकडे वळूं. अवखळ मुलांच्या हातांवर चामखिळी येतात त्या बेडूक पकडल्यामुळें, अशी समजूत पुष्कळ देशांत आहे. बेडूक बिचारा निरपराधी आहे. १९०७ सालीं ज्युसेप्पे चुफ्फो या इटालियन वैद्यानें चामखिळीचा रस काढून तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला कीं, त्यांत कोणताहि सामान्य जंतु राहूं नये. आणि तो रस त्यानें स्वतःच्याच हाताच्या त्वचेंत टोंचून घेतला. कांहीं महिन्यांनीं तेथें चामखिळी उगवल्या. गाळणीतूनहि पार होणारें असें कांहीं तरी, म्हणजे ज्याला आपण आज विषाणु म्हणतों तें, या विकाराच्या मुळाशीं आहे हें त्यावरून ठरलें. या विषाणूचें नांव मानवी पॅपिलोमा विषाणु. त्याच्या दोनशेंहून अधिक जाति आतां ज्ञात आहेत. हातापायांवर चामखिळी उठविणाऱ्या जाति निराळ्या, आणि गुह्यांगावर विकार करणाऱ्या जाति निराळ्या.

हा विषाणु शिरतो तो त्वचेवरील डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांतून. पाण्यानें भिजून मऊ झालेल्या कातड्यांत त्याला प्रवेश अधिक सुलभ होतो. म्हणून तरण तलावाच्या कांठीं अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायाला चामखिळी अधिक होतात. नखें कुरतडण्याची खोड असलेल्या मुलाच्या नखांभोंवतीं त्यांची रांग लागते, आणि दाढी करणाऱ्या गृहस्थाच्या गालावर वस्ताऱ्याच्या वाटेनें चपट्या चामखिळी ओळीनें पसरतात. शिरल्यापासून दिसूं लागेपर्यंत कांहीं आठवडे ते कित्येक महिने जातात; त्यामुळें तो कोणापासून आला याचा शोध करीत बसण्यांत अर्थ नसतो.

आतां मुख्य प्रश्न. हा विषाणु इतका चिवट कां? गोंवर किंवा कांजिण्या आल्या तर शरीर पंधरवड्यांत त्यांचा निकाल लावतें; मग चामखीळच वर्षानुवर्षें कशी नांदते? याचें उत्तर तिच्या राहणीच्या ठिकाणांत आहे. हा विषाणु रक्तांत उतरत नाहीं. तो त्वचेच्या अगदीं वरच्या थरांत राहतो, तेथील पेशींना भराभर वाढावयास लावतो, आणि त्या पेशी वर सरकत जाऊन मृत झाल्या म्हणजे त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. सूज नाहीं, ताप नाहीं, पू नाहीं. शरीराचे पहारेकरी आंतल्या रस्त्यांवर गस्त घालीत असतात, आणि हा चोर गच्चीवर बिऱ्हाड करून असतो. त्याची चाहूलच त्यांना लागत नाहीं. ज्यांची रोगप्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेवावी लागते, उदाहरणार्थ ज्यांनीं दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून घेतलें आहे असे रोगी, त्यांच्या अंगावर चामखिळींचें अक्षरशः पीक येतें, हा या गोष्टीचा उत्तम पुरावा होय.

पण एक ना एक दिवस पहारेकऱ्यांना चोराचा पत्ता लागतोच. मुलांमध्यें साधारणतः निम्म्या चामखिळी एका वर्षांत आणि सुमारें दोनतृतीयांश दोन वर्षांत कोणत्याहि औषधावांचून आपोआप जातात. मोठ्या माणसांत यास अधिक काळ लागतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे चामखिळीवरील शेंकडों 'रामबाण' उपायांचें रहस्य उलगडतें.

इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यानें स्वतःचा एक अनुभव लिहून ठेविला आहे. १६२७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सिल्व्हा सिल्व्हारम' या ग्रंथांत तो वाचावयास मिळतो. बालपणापासून त्याच्या एका बोटावर चामखीळ होती. सोळाएक वर्षांचा असतां तो पॅरिसला राहत होता. तेथें महिन्याभरांत त्याच्या दोन्ही हातांवर शंभरएक चामखिळी उठल्या. इंग्रज वकिलाच्या पत्नीनें डुकराच्या चरबीचा एक तुकडा त्या सर्वांवर घासला आणि तो आपल्या दक्षिणेकडील खिडकीच्या खांबाला उन्हांत खिळ्यानें ठोकून ठेविला. पांच आठवड्यांत साऱ्या चामखिळी नाहींशा झाल्या. बालपणची जुनी चामखीळहि त्यांच्याबरोबर गेली. बेकन म्हणतो कीं, नव्या चामखिळी लवकर आल्या तशा लवकर गेल्या यांत नवल नाहीं. परंतु ती जुनी कां जावी, याचें आश्चर्य मात्र मनांतून जात नाहीं.

आज त्या आश्चर्याचें उत्तर देतां येतें. शंभर नव्या चामखिळी उठल्यावर शरीराला शत्रूची ओळख पटली असावी. आणि एकदां ओळख पटली म्हणजे प्रतिकारशक्ति नवी-जुनी असा भेद करीत नाहीं. चरबीचा तुकडा केवळ योग्य वेळीं खिडकींत लटकत होता. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, तसाच हा प्रकार. आपल्याकडील मंतरलेला दोरा आणि शेजारणीनें सांगितलेला लेप यांची कीर्ति याच फांदीवर बसलेली आहे.

मग कोणत्या उपायाला खरोखर गुण आहे हें ठरवावें कसें? यासाठीं सारख्या रोग्यांचे गट करून एकास औषध द्यावयाचें व दुसऱ्यास कांहींच न देतां नुसती वाट पाहावयाची, अशी रीत आहे. हॉलंडमध्यें २५० रोग्यांवर असा एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. तेरा आठवड्यांनंतर हातांवरील सामान्य चामखिळी द्रवरूप नायट्रोजननें गोठविलेल्यांपैकीं शेंकडा ४९ बरे झाले; सॅलिसिलिक ॲसिड लावणाऱ्यांपैकीं शेंकडा १५, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकीं शेंकडा ८. तळपायाच्या चामखिळींत मात्र हेच आंकडे अनुक्रमें ३०, ३३ आणि २३ असे आले. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाहीं. इंग्लंडमध्यें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत तळपायाच्या चामखिळींवर गोठविणें आणि ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड हे दोन्ही उपाय बारा आठवड्यांनंतर सारखेच, शेंकडा १४, ठरले. चिकटपट्टीचीहि तीच गत झाली. २००२ सालीं तिच्या यशाचा मोठा गवगवा झाला. पुढें २००६ व २००७ सालीं पुन्हां कसून परीक्षा घेतली तेव्हां तिचें तेज फिकें पडलें.

हे आंकडे ऐकून कोणी निराश होऊं नये. यांतून दोनच गोष्टी शिकावयाच्या. पहिली, कोणताहि उपाय आठ दिवसांत चमत्कार करीत नाहीं. दुसरी, ज्या उपायानें इजा होत नाहीं त्यापासून आरंभ करावा.

तसा पहिला उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. आपल्याकडे तें बहुधा लॅक्टिक ॲसिडबरोबर, प्रत्येकीं १६.७ टक्के, अशा चिकट द्रवाच्या रूपांत मिळतें. निरनिराळ्या प्रयोगांची एकत्र छाननी केली असतां त्याचा गुण माफक पण निश्चित असल्याचें दिसतें. पुष्कळांना तो येत नाहीं याचें कारण लावण्याची पद्धति चुकते हें होय. रात्रीं चामखीळ पांच-दहा मिनिटें कोमट पाण्यांत भिजवावी. मऊ झालेलें मेलेलें कातडें वजरीनें किंवा नखें घासण्याच्या कानशीनें हलकेच काढावें. रक्त येतां कामा नये. ती वजरी घरांत दुसऱ्या कोणीं वापरूं नये. सभोंवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलीनचें कडें करावें आणि मग केवळ चामखिळीवर औषधाचा एक थेंब ठेवून वाळूं द्यावा. हें नित्य, न चुकतां, बारा आठवडे करावें. जागा फार लाल झाली किंवा दुखूं लागली तर चार दिवस थांबून पुन्हां आरंभ करावा. चेहऱ्यावर व गुह्यांगावर हें औषध लावूं नये. आणि मधुमेही व पायाची संवेदना गेलेले रोगी यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून त्याला हात लावूं नये.

दुसरा उपाय गोठविण्याचा. द्रवरूप नायट्रोजनचें तपमान उणें १९६ अंश असतें. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें त्याच्या कित्येक पाळ्या घ्याव्या लागतात. फोड येतो, दुखतें. आपल्यासारख्या सांवळ्या वर्णाच्या लोकांत त्या जागीं पांढरा किंवा काळा डाग पुष्कळ दिवस राहूं शकतो, म्हणून चेहऱ्यावर हा उपाय फार जपून करावा लागतो. लहान मुलांना तर तो धाकदपटशा दाखवून करूं नये.

यांनींहि जी चामखीळ दाद देत नाहीं ती हट्टी म्हणावयाची. आणि येथें डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मलमांचा प्रश्न येतो. त्यांतील विशेष उल्लेखनीय मलम म्हणजे ५ टक्के इमिक्विमॉड. हें चामखिळीला जाळीत नाहीं, कीं विषाणूला मारीत नाहीं. तें त्वचेंतील प्रतिकारक पेशींना जागें करतें. त्या इंटरफेरॉन नांवाचीं द्रव्यें निर्माण करूं लागतात, आणि ज्या चोराचा पत्ता नव्हता त्याच्या दारावर थाप पडते. अमेरिकेंत १९९७ सालीं त्याला मान्यता मिळाली ती मात्र गुह्यांगाच्या बाह्य भागावरील चामखिळींसाठीं, हातापायांवरील चामखिळींसाठीं नव्हे. गुह्यांगावर तें आठवड्यांतून तीन रात्रीं लावून सकाळीं धुवून टाकावयाचें, आणि अधिकांत अधिक सोळा आठवडे चालवावयाचें, असा दंडक आहे. हातापायांच्या हट्टी चामखिळींवर त्वचारोगतज्ज्ञ तें आपल्या अनुभवानें वापरतात. परंतु तेथील जाड कातड्यांतून तें आंत उतरत नसल्यामुळें अगोदर सॅलिसिलिक ॲसिडनें व घासून तो थर पातळ करावा लागतो. नुसतें मलम वर चोपडून 'गुण नाहीं' म्हणणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यासारखें आहे. मलमानें जागा लाल होते, सोलवटते, क्वचित् कणकणहि येते. ही प्रतिक्रिया कितपत सोसावी आणि केव्हां थांबावें हें डॉक्टरांनीं सांगावयाचें असतें. चिठ्ठीची आवश्यकता आहे ती याचसाठीं.

दुसरें मलम फ्लुओरोयुरॅसिलचें. तें वाढत्या पेशींची वाढ रोखतें. तिसरें ट्रेटिनॉइनचें, चेहऱ्यावरील चपट्या चामखिळींवर तें विशेषेंकरून देतात. हीं दोन्ही औषधें गर्भवती स्त्रियांनीं वापरूं नयेत. अलीकडे आणखी एक मार्ग रूढ होत आहे: सर्वांत मोठ्या चामखिळींत गोंवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्र लस किंवा तत्सम द्रव्य सुईनें टोंचतात. त्या जागीं जमलेल्या पहारेकऱ्यांना विषाणूचीहि ओळख पटते, आणि कांहीं रोग्यांत न टोंचलेल्या, दूरच्या चामखिळीहि गळून पडतात. भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांनीं रोग्याच्याच चामखिळीचा सूक्ष्म तुकडा त्याच्या हाताच्या त्वचेखालीं ठेवून असाच परिणाम साधण्याचे प्रयत्न केले आहेत. हे उपाय सर्वांना लागू पडतात असें नाहीं. तथापि त्यांच्या मुळाशीं असलेलें तत्त्व बेकनच्या जुन्या चामखिळीनें शिकविलेलेंच आहे: विषाणूला शरीरानें एकदां ओळखलें पाहिजे.

आतां घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. निरुपद्रवी दोरा बांधावयाचा तर खुशाल बांधावा. परंतु बिब्बा, रुईचा किंवा शेराचा चीक, काजूच्या टरफलाचें तेल, कळीचा चुना व सोडा यांचें मिश्रण, यांपासून कटाक्षानें दूर राहावें. बिब्ब्याचें तेल चामखिळीवर थांबत नाहीं. तें पसरतें, फोड उठवितें, आणि कांहींच्या बाबतींत अंगभर पुरळ उठून तोंड सुजतें. चीक हातानें डोळ्याला लागला तर दृष्टि धोक्यांत येते. ब्लेडनें चामखीळ कापणें म्हणजे तर रक्तस्राव, पू आणि भोंवतालीं नव्या चामखिळींची पेरणी! आणखी एक सावधगिरीची सूचना शहरांतील सुशिक्षितांसाठीं. खाजेवर म्हणून घरांत आणून ठेविलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम चामखिळीवर चोळूं नये. तें त्वचेची प्रतिकारशक्ति दाबतें. म्हणजे पहारेकऱ्यांना झोपेचें औषध देऊन चोराला घर मोकळें करून देण्यासारखेंच तें आहे.

कांहीं प्रसंगीं घरीं कांहींहि न करतां प्रथम डॉक्टरांकडेच जावें. चामखीळ पापणीवर, चेहऱ्यावर किंवा गुह्यांगावर असेल तर. रोग्याला मधुमेह असेल किंवा पाय बधिर असतील तर. प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें चालू असतील तर. आणि उतारवयांत नवीन आलेला अंकुर झपाट्यानें वाढत असेल, त्यांतून रक्त येत असेल किंवा त्याचा व्रण झाला असेल तर. कर्करोग कधीं कधीं चामखिळीचें सोंग घेऊन येतो, आणि अशा वेळीं मलमावर घालविलेले सहा महिने परत मिळत नाहींत. गुह्यांगावरील चामखिळीची लाज बाळगून ती लपविणेंहि तितकेंच अहिताचें आहे. याच विषाणूच्या कांहीं जाति गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होतात, आणि त्यांपासून बचाव करणारी लस आज उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही त्यांपैकींच एक. हातापायांच्या साध्या चामखिळींवर ती लस दिली जात नाहीं. परंतु घरांतील मुलीबाळींसाठीं तिच्याविषयीं डॉक्टरांना अवश्य विचारावें.

शेवटीं एवढेंच सांगतों. मुलाच्या हातावर दोन-तीन चामखिळी असतील, त्या दुखत नसतील, आणि त्याला त्यांचें कांहीं वाटत नसेल, तर त्या तशाच राहूं देणें हाहि एक शास्त्रशुद्ध उपचार आहे. मात्र शाळेंतील मुलें त्याला चिडवीत असतील, तळपाय चालतांना दुखत असेल किंवा त्या पसरत असतील, तर उपचार करावा. सौम्यापासून आरंभ करावा, नियमानें करावा आणि तीन महिन्यांच्या आंत उपाय बदलूं नये. चामखिळीचें खरें औषध आपल्याच शरीरांत आहे. बाहेरच्या औषधानें त्याला मदत करावी, घाई करून अडथळा आणूं नये.